पाणी बाधलं नव्हतं

आमच्या देवगड तालुक्यातल्या बंदरावर आगबोट काठाला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जातात. त्या दिवशी होडीत मी, माझी पत्र्याची ट्रंक, फणसाच्या साठांचं, म्हणजे फणसपोळीचं, गाठोडं आणि शेजारच्या वाडीतलं एक मुंबईला परतणारं कुटुंब एवढेच होतो. मे महिना संपत आला होता. अजून थोड्या दिवसांनी पावसाळ्यासाठी बोटी बंद होणार होत्या, म्हणून कॉलेज उघडायच्या बरंच आधी मला निघावं लागलं. काठावर सगळी वाडी उभी होती. मॅट्रिक पास होऊन कॉलेजात जाणारी वाडीतली पहिली मुलगी पाहायला कितीतरी बायका कामं टाकून आल्या होत्या. धाकटी कुसुम माझा हात सोडत नव्हती. आई बायकांच्या मागे उभी होती. आबा गुडघाभर पाण्यात उतरून होडीला धरून उभे होते. ते म्हणाले, "पाणी जपान पी गो. थंयचा पाणी वेगळा."

एवढंच. बाकीचे बाप काय सांगतात मला माहीत नाही. माझ्या बापाने पाणी जपून प्यायला सांगितलं आणि होडी ढकलून दिली.

आपल्या वाडीच्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी मुंबईच्या आठवणी लिही, असं मला यंदा सांगण्यात आलं. वाडीत राहिलेली माणसं हे वाचतील आणि माझ्यासारखी इकडे आलेलीही वाचतील. गमतीजमती लिहाव्यात असं आधी वाटलं होतं. पण पहिल्या वर्षी मला जे झालं ते टाळून पुढचं काही मला लिहिताच येईना. ते मला नीट सांगता येईल की नाही शंकाच आहे, तरी प्रयत्न करते.

मी अंधेरीला मामाकडे राहायला आले. मामा इथल्याच एका कारखान्यात फिटर आहे. बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या, पुढे पडवीएवढी ओटी, मागे नळ. पूर्वेला थोडं चाललं की भाताची खाचरं लागतात, विहिरी लागतात, म्हशींचे गोठे लागतात. त्यामुळे मुंबई म्हणून मनात जे होतं ते मला पहिल्यांदा दिसलंच नाही. कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पिरियड, लेक्चर, टर्म, ट्युटोरियल असे शब्द मी पंधरवड्यात शिकले आणि घरी येऊन मामीला शिकवले. मामी मूळची आपल्याच बाजूची, पण जन्मली आणि वाढली मुंबईत, त्यामुळे तिचं बोलणं झटपट आणि तोंडावर. ती म्हणायची, "काय गं, आज तुझ्या लेक्चरवाल्याने काय दिवे लावले?" आणि मी सांगायची. बाटलीतलं दूध, घासलेटच्या स्टोव्हचा फर्र आवाज, मला 'मिस परब' म्हणून हाक मारणारे प्रोफेसर, या सगळ्याचं मला नवल होतं. मी आनंदात होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळे म्हणू लागले की मला मुंबई पहिल्यापासून आवडलीच नाही. तसं नव्हतं.

ते कधी सुरू झालं हे मला सांगता येत नाही. ताप चढतो तसं ते चढलं नाही. श्रावणात कधीतरी मला पहाटे फार लवकर जाग येऊ लागली. बाहेर अंधार असायचा आणि मी छपराकडे पाहत पडून राहायची. दिवस उजाडणार याची भीती वाटायची. कसली भीती, ते कळायचं नाही. वर्गात प्रोफेसर बोलायचे ते कानावर पडायचं, पण आत जायचं नाही. पुस्तकाचं एकच पान मी पुन्हा पुन्हा वाचायची. भात तोंडात नुसता फिरायचा. वेणी घालायला हात वर करणं हेसुद्धा मोठं काम वाटू लागलं, म्हणून मी आदल्या दिवशीची वेणी तशीच ठेवू लागले.

आणि मला रडू येत नव्हतं. घरची आठवण येऊन मुली रडतात हे मला ठाऊक होतं. वर्गातली साताऱ्याकडची एक मुलगी रडायची आणि मग हसायचीही. मला तसं काहीच होत नव्हतं. मला वाटायचं, माझ्यासाठी घरच्यांनी एवढं केलं, सगळी वाडी काठावर येऊन उभी राहिली आणि मी आळशी निघाले. या विचाराने तर मी आणखीच खचायची.

पहिल्यांदा ओळखलं ते मामीने. म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढं ओळखलं. एका सकाळी ती माझ्यासमोर कंगवा घेऊन उभी राहिली.

"शालन, डोक्याचं कावळ्याचं घरटं झालंय. बस इथे."

ती माझे केस विंचरत होती आणि मी नुसती बसून होते. नेहमी मी "हळू गं मामी" म्हणून ओरडायची. त्या दिवशी गुंता ओढला तरी मी हूं की चूं केलं नाही. तिचा हात थांबला.

"दुखत नाही का गं तुला?"

"दुखतंय."

"मग बोल ना काहीतरी! दगडाचे केस विंचरल्यासारखं वाटतंय मला." मग तिने मला वळवून माझं तोंड पाहिलं. "पाणी बाधलंय तुला. नक्कीच. मी तुझ्या मामाला सांगतच होते."

पाणी बाधलं, हे आपल्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नव्या जागी गेलेलं माणूस सुकलं, जेवेनासं झालं, की तिथलं पाणी त्याला मानवलं नाही. नवी सून असो की नोकरीला गेलेला मुलगा, कारण तेच. मामीने नळाचं पाणी सुंठ घालून उकळायला सुरुवात केली. मग ओवा घातला. मग शेजारच्या गुजराती बाईंनी सांगितलं म्हणून बडीशेप. मामा म्हणाला, "आता नुसतं मीठ आणि मसाला राहिला, म्हणजे आमटीच होईल." मी हसले नाही. मामाने मामीकडे पाहिलं आणि त्याच दिवशी आबांना कार्ड टाकलं.

गणपतीनंतर बोटी पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याच बोटीने आपल्या वाडीतले तात्या मुंबईला आले आणि धक्क्यावरून थेट आमच्याकडे आले. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत औषधाच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या, बुचांना मेण लावलेलं. आत आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी. आबांनी निरोप दिला होता की हे रोज थोडं थोडं इकडच्या पाण्यात मिसळून द्यायचं, म्हणजे पोरीला हळूहळू सवय होईल.

"पाण्याला तिकीट काढलंत की फुकट आलं?" मामाने विचारलं.

"तिकीट नाय काढूक," तात्या म्हणाले, "पण खलाशी इचारी, दारू हाय काय? मी सांगतंय, विहिरीचा पाणी. तो माका सगळ्या वाटेर येडो म्हणान बगी होतो."

मामीने बूच काढलं, वास घेतला आणि फुलपात्रात थोडं ओतून माझ्यापुढे धरलं. "आधी नुसतंच पी. आपलं आहे."

त्या विहिरीचं पाणी मी जन्मापासून प्यायले आहे. जांभ्या दगडाची विहीर, वर सुरंगीचं झाड. त्या पाण्याला एक चव आहे, ती सांगता येत नाही, पण वाडीत वाढलेल्या माणसाला डोळे मिटून ओळखता येईल. पेला तोंडाला लावताना मला वाटलं, आता तरी मी रडेन. आता काहीतरी होईल. सगळे माझ्याकडे पाहत होते, तात्यासुद्धा.

काहीच झालं नाही. पाणी घशाखाली गेलं. मला कसलीच चव लागली नाही.

"बरा वाटला मा?" तात्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. बिचारे एवढ्या लांबून घेऊन आले होते.

पण त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी घाबरले. तोपर्यंत मलाही वाटत होतं की हे सगळं अंधेरीचं आहे, इंग्रजी लेक्चरांचं आहे. फार झालं तर घरी जाईन आणि बरी होईन, अशी एक मागची वाट मी मनात उघडी ठेवली होती. ती वाट बंद झाली. घरचं पाणीही तसंच लागत होतं, म्हणजे पाण्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं, आणि मी घरी गेले तर ते माझ्याबरोबर बोटीत बसणार होतं.

हे मी मामीला सांगितलं. सांगायला मला आठवडा तरी लागला असेल. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मामी, मला घरच्या पाण्याची चव लागली नाही." तिने सूप खाली ठेवलं. ती काही विनोद करील असं वाटलं होतं, पण नाही केला. पदर खोचून म्हणाली, "चल."

स्टेशनजवळ एक वयस्कर डॉक्टर बसत. मामीने त्यांना पोट, भूक, पाणी असं सगळं भराभर सांगितलं. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. मग मामीला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा गप्प बसा. हिला बोलू दे." आणि मला विचारू लागले. जाग कधी येते? सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी? पूर्वी काय करायला आवडायचं? ते आता केलंस तर बरं वाटतं का? मी सांगितलं की मला वाचायला आवडायचं, आता आवडत नाही. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जगणं नकोसं वाटतं का, पोरी?"

मामी दचकली. मी खाली पाहत म्हटलं, "कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं."

मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "सांगितलंस हे चांगलं केलंस."

मग ते जे बोलले ते मी जमेल तसं लिहिते, कारण ते वाडीतल्या सगळ्यांनी ऐकायला हवं असं मला वाटतं. ते म्हणाले, याला डिप्रेशन म्हणतात. आपल्याकडे उदास म्हणतात, मरगळ म्हणतात, पण तसं म्हटलं की लोकांना वाटतं आळस आहे किंवा नखरे आहेत. हा आजार आहे. माणसाचं आयुष्य एकदम बदललं की काही जणांना तो गाठतो. घर सुटलं, लग्न झालं, मूल झालं, कोणी गेलं. बदल चांगला असला तरी गाठतो, म्हणून तर कोणाला कळत नाही. ज्याला झाला त्यालाही कळत नाही, तो स्वतःलाच दोष देत बसतो. एक-दोन दिवस वाईट वाटणं वेगळं आणि आठवडेच्या आठवडे झोप, भूक, चव, आवड सगळं जाणं वेगळं. यातून माणसं बरी होतात. पण त्यांना एकटं ठेवू नये.

त्यांनी मला शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. "मनाचे डॉक्टर आहेत."

मामीचा चेहरा पडला. "म्हणजे ठाण्याला पाठवायचं?" ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, मुंबईत याचा अर्थ काय होतो ते सर्वांना माहीत आहे.

"बाई, डोळा दुखला की डोळ्याचा डॉक्टर. तसंच हे. ठाणं-बिणं काही नाही."

घरी येताना मामी वाटभर माझा हात धरून चालली. दारात आल्यावर म्हणाली, "उद्यापासून तुझ्याजवळ मी झोपणार. मामा जाऊ दे ओटीवर."

इकडे हे चाललं होतं आणि तिकडे आबांनी दसऱ्याला देवीला कौल लावला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या पाषाणाला तांदळाचे ओले दाणे चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि उजवीकडचा दाणा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. आबांनी विचारलं, मुलीला मुंबईचं पाणी बाधलंय, तिला परत आणू का? उजवा पडला. त्यानंतरच्या बोटीने आबा मला न्यायला आले.

घरी जाणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. पुन्हा कॉलेज नाही. लग्नाची गोष्ट निघालीच असती, लग्न झालं की सगळं ठीक होतं असं म्हणणारे चारजण वाडीत होतेच. आणि कुसुम. ती तेव्हा शाळेत पहिली येत होती. थोरली मुंबईला जाऊन सुकून परत आली म्हटल्यावर धाकटीला कोण पाठवणार होतं? वाडीतल्या कुठल्याच मुलीला कोण पाठवणार होतं?

आबा ओटीवर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. मामीने चहा दिला आणि ती मुद्दाम आत गेली. मी त्यांच्यासमोर बसले. आबांशी मी आयुष्यात असं समोर बसून बोलले नव्हते.

"ट्रंक भर गो," ते म्हणाले. "देवीन कौल दिल्यान. माका दुसरा काय करूचा?"

मी म्हटलं, "आबा, माका पाणी बादाक नाय."

"म्हणजे?"

"तुमी धाडलास ता घरचा पाणी पण माका तसाच लागला. चव नाय. कसलीच नाय." आणि मग डॉक्टरांनी सांगितलेलं मी सगळं सांगितलं, अडखळत, मालवणीत. डिप्रेशनला मालवणीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मन आजारी पडलाहा. औषध हंयच आसा. घराक इलंय तर ता दुखणा माझ्यावांगडा येतला.

आबा टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. मला वाटलं आता ते उठतील. ते म्हणाले, "तुझे आवशीक असाच झाला होता."

"आईक?" मी विचारलं.

"तू झालंस तेच्या मगे. मागल्या दारात बसान ऱ्हवायची. तुका हातात घेय नाय. जेवक नाय, बोलाक नाय. लोक म्हणत, बाहेरचा लागला. कोंबो दिलो, नारळ दिलो, आंगारो लावलो."

"मगे?"

"मगे झाली बरी. वर्साभरान. आपसूक." त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. "पण तिका काय होता ता कोणी इचारूकच नाय. मी पण नाय."

त्यांनी निवलेला चहा पिऊन टाकला. मग ते म्हणाले, "माजो प्रश्न चुकलो. मी देवीक पाण्याचा इचारलंय. परत कौल लावतलंय. तवसर हंय ऱ्हव."

ते एकटेच परत गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी देवीला विचारलं की पोरीचं मन आजारी आहे, औषध मुंबईला आहे, ते तिथेच पुरं करू दे का. त्यांचं कार्ड येईपर्यंत मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. कार्डावर एकच ओळ होती : उजवो दिल्यान.

"आणि डावा पडला असता तर?" मामीने विचारलं.

मामा म्हणाला, "तर भावोजींनी तिसऱ्यांदा प्रश्न बदलला असता."

त्यावर मी हसले. मामीने हात जोडले, देवीला की मामाला ते मी विचारलं नाही.

मी झटकन बरी झाले नाही. शहरातल्या डॉक्टरांकडे मामीबरोबर कितीतरी खेपा झाल्या. ते विचारायचे, मी बोलायची, काही दिवस झोपेची पुडी होती. रोज संध्याकाळी मामी मला खाचरांपर्यंत चालवत न्यायची आणि वाटेत भेटेल त्याची टिंगल करायची. परीक्षेला मी बसले नाही, ते वर्ष पुन्हा करावं लागलं. माझ्याबरोबरच्या मुली आज माझ्या पुढे आहेत. कधी कधी वाईट वाटतं, पण ते साधं वाईट वाटणं असतं, जेवलं की ओसरतं. एक दिवस मामीने केलेल्या कोलंबीच्या कालवणाला मीठ कमी पडलं, आणि ते मला कळलं. मी तसं म्हटलं. मामी ओरडली, "अहो, ऐकलंत का? हिने नावं ठेवली माझ्या कालवणाला!" आणि शेजारच्या बाईंनाही जाऊन सांगून आली.

गेल्या मे महिन्यात मी घरी गेले होते. बाकीची मंडळी बागेत होती आणि आई आणि मी मागल्या पडवीत फणसाचे गरे काढत बसलो होतो. हाताला तेल लावलेलं, पुढे आठळ्यांचा ढीग. इतके दिवस मनात धरलेलं मी विचारलं. "आई, मी झालंय तेवां तुका कसा वाटायचा?"

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग ती बोलू लागली. आधी थोडं, मग पुष्कळ. माझी आई एका दमात एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. पहाटेची जाग. भाताची न लागणारी चव. माझं रडणं कानावर यायचं, पण तिच्याने उठवायचं नाही, आणि त्याची लाज वाटायची, ती लाज आजही वाटते. ती जे सांगत होती ते मला ओळीने ठाऊक होतं. मी फक्त हो हो म्हणत होते. गरे संपले तरी आम्ही बसून होतो.

घर कुठलं असं कॉलेजात कोणी विचारलं की मी अजून देवगडकडचं म्हणते, आणि सुटीत गावी गेले की वाडीतल्या बायका विचारतात, "घराक कधी परत जातलंस?" म्हणजे अंधेरीला. दोन्ही खरं आहे, आणि पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा. आता होत नाही. कसं आहे असं विचारून खऱ्या उत्तरासाठी जिथे कोणी थांबतं, ते घर, असं मला वाटू लागलं आहे. इकडे मामी थांबली, आणि आबा ओटीवर टोपी घेऊन थांबले. तुमच्या घरात कोणी सुकलं असेल, नवी सून असो की मुंबईला आलेला मुलगा, तर सुंठ जरूर उकळा, पण शेजारी बसून विचाराही. आणि डॉक्टरकडे न्या.

त्या दिवशी मागल्या पडवीत आईचं सांगून झालं. तिने तेलकट हात पातळाच्या टोकाला पुसले, माझ्याकडे नीट वळून बसली आणि म्हणाली, "आता तुझा सांग."